खडूची खूण

कुणाच्याही घरात शिरलो की मी आधी वर बघतो. लोक आधी देवाकडे बघतात, टीव्ही केवढा आहे ते बघतात. मी छत बघतो. लेकीच्या लग्नाची बोलणी करायला पहिल्यांदा बोईसरला आलो, तेव्हाही व्याह्यांच्या बैठकीत मान वर करून बसलो होतो. बायकोने मांडीला चिमटा काढला तेव्हा खाली आलो. व्याह्यांना वाटलं, मी पंखा कुठल्या कंपनीचा आहे ते बघतोय.

ही सवय खाणीतली. चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीत मी एकतीस वर्षं ड्रेसर होतो. सुरुंग उडवल्यावर धूर निवळला की ज्याने सगळ्यांत आधी आणि एकट्याने आत जायचं, तो ड्रेसर. त्याच्या हातात लांब सब्बल असते, इकडे तिला पहार म्हणतात. तिच्या टोकाने छत ठोकत पुढे जायचं आणि ऐकायचं. दगड घट्ट असला की खणखणीत आवाज येतो. आतून सुटलेला असला की ढब वाजतं, रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसं. ढब वाजलं की बाजूला उभं राहून तो दगड सब्बलीने पाडायचा. सगळं छत तपासून झालं की त्यावर खडूने खूण करायची, मागे वळायचं आणि एकच शब्द बोलायचा, "चला." मग मागे अंधारात ताटकळत असलेली माणसं आत यायची, कधी वीस, कधी चाळीस. त्यांच्यातला कुणीही वर बघायचा नाही. खूण आहे ना, मग झालं.

एकतीस वर्षांत माझ्या "चला"वर आत आलेला एकही माणूस छताखाली सापडला नाही. फुशारकी वाटली तर वाटू दे. ऐकायला आता आजूबाजूला कुणी उरलं नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

हे काम मला एका छत्तीसगडी म्हाताऱ्याने शिकवलं. मी त्याला उस्ताद म्हणायचो. पहिल्या आठवड्यात तो मला डाव्या हाताची दोन बोटं छताला लावून उजव्या हाताने ठोकायला लावायचा. दगड सुटलेला असेल तर बोटांना कळतं, असं त्याचं म्हणणं. मी आठ दिवसांत ते सोडून दिलं. माझे कान तिखट होते, बोटांची मला गरज वाटली नाही. उस्ताद नुसता हसला.

मग काही वर्षांनी एका सकाळी, पहिल्या पाळीची सगळी माणसं उभी असताना, त्याने आपली सब्बल माझ्या हातात दिली. म्हणाला, "आज से तू ठोक. मेरे को अब फरक सुनाई नहीं देता." कुणी त्याला विचारलं नव्हतं, डॉक्टरने कान तपासले नव्हते. आमच्यात रीतच होती तशी. ड्रेसरचा कान गेलेला बाहेरून कुणाला कळत नाही, म्हणून त्याचं त्यानेच चारचौघांत सांगायचं आणि सब्बल दुसऱ्याला द्यायची. उस्ताद त्यानंतर वर बत्तीघरात बसून आमच्या टोपीवरचे दिवे पुसायचा. मला तेव्हा त्याची कीव आली होती. एवढा कसबी माणूस आणि दिवे पुसतोय. त्या एका वाक्यासाठी त्याला किती रात्री झोप आली नसेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. जवान माणूस भारी निर्दय असतो.

खाली मी एकटा जायचो, पण वर एकटं राहायची सोयच नव्हती. क्वार्टरांच्या लाइनीत भिंतीला भिंत. ज्याच्या घरचा माणूस दवाखान्यात, त्याचा स्वयंपाक आमच्या चुलीवर, हे बायकोने कधी कुणाला न विचारता ठरवून टाकलेलं. हापसा बिघडला की मला हाक. लग्नाच्या पंगतीत वाढायला मी, मयतीला बांबू आणायलाही मी. लाइनीतल्या चार पोरी मी सायकलवरून हायस्कुलात पोचवल्या, दोन पुढे, दोन मागे, आणि आमची लेक त्यातलीच एक. बायको म्हणायची, "तुमाले घरच्यापेक्षा लाइनच जास्त." पण डबा मात्र दोघांचा भरायची, कारण माझ्याबरोबर कोण जेवायला बसेल याचा नेम नसे.

पुढे खालचा कोळसा संपला आणि खाण बंद झाली. लाइन रिकामी होत गेली, रोज एखाद्या दाराला कुलूप. आम्ही दोघं शेवटपर्यंत राहिलो. मग बायको गेली, आणि लेक येऊन मला बोईसरला घेऊन आली. लेकीच्या घरी कायमचं राहायचं म्हटलं की आमच्याकडे अजून लोक तोंड वाकडं करतात. मीही केलं होतं, दुसऱ्यांच्या वेळी. पहिले सहा महिने मी तिच्या घरी पाहुण्यासारखा पाय जवळ घेऊन बसायचो. शेवटी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही असे बसता की मलाच परक्याच्या घरात आल्यासारखं वाटतं." तेव्हापासून पाय लांब करतो.

घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत. फक्त ती घरी नसतात. लेक तारापूरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत आहे, साडेसहाला नाक्यावरून कंपनीची बस धरते. जावई पॉवर प्लांटमध्ये पाळीवर. नात पुण्याला शिकते. सातनंतर घरात मी आणि फ्रिज. फ्रिज मधून मधून गुरगुरायचा, तेवढीच सोबत. गेल्या वर्षी मी लेकीला म्हटलं, हा नवा फ्रिज भारी शांत आहे हो. ती म्हणाली, "बाबा, फ्रिज तोच आहे."

मी हसण्यावारी नेलं. उजवा कान आधीच गेला होता, हे मला माहीत होतं. डावाही त्याच वाटेवर होता. सफाळ्याहून भाजी घेऊन येणारी बाई खालून हाक मारते ती ऐकू येईना, म्हणून मी घड्याळ बघून गॅलरीत उभा राहायला लागलो. दर रविवारी लाइनीतल्या जुन्या माणसांना फोन करायचो, तेही बंद केलं. पलीकडचा काय सांगतोय ते लागत नाही, आणि "पुन्हा सांग" तरी किती वेळा म्हणायचं? तिकडे आता बोलतात म्हणे की मुंबईकडे गेल्यापासून याला शिंगं फुटली. बोलोत. शिंगं फुटलेला बरा, बहिरा नको, असं मला वाटायचं. लेकीलाही सांगितलं नाही. कान हीच माझी सगळी कमाई होती. ती गेली असं मी कोणत्या तोंडाने सांगणार?

इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी काठीने घरातली सगळी छतं ठोकून काढली होती. न्हाणीघराच्या दारावर एक जागा पोकळ लागली, तिथे पेन्सिलीने फुली केली. जावई म्हणाला, "बाबा, ही काय खाण आहे का?" वरच्या मजल्यावरचे तक्रार घेऊन आले. इमारतीतल्या मुलांनी माझं नाव टकटक आजोबा ठेवलं. मी काठी दाराआड ठेवून दिली.

तीन वर्षांनी, मागच्या होळीच्या आधी, दुसऱ्या मजल्यावर एका स्वयंपाकघरातलं प्लास्टर पडलं. समुद्र जवळ, हवा खारी, आतली सळई गंजून फुगते आणि प्लास्टर सोडते. ओट्यापाशी कुणी नव्हतं म्हणून निभावलं. दुरुस्तीवाला पंधरा दिवसांनी येणार होता. तोवर करायचं काय, म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीला टकटक आजोबा आठवले.

आमच्या दाराची बेल वाजली. मला ऐकू आली नाही, बेलबरोबर लागणारा लाल दिवा दिसला. दारात सेक्रेटरी आणि दोन बायका. "आजोबा, आमची पण छतं बघाल का जरा?"

खरं सांगतो, मला इतका आनंद झाला की मी शर्टाची बटणं चुकीची लावली. तीन वर्षांत माझ्याकडे कुणाचं काम पडलं नव्हतं. मी काठी घेतली, खिशात खडू घातला आणि निघालो. पाच दिवसांत सहा घरं झाली. प्रत्येक घरी चहा, कुठे शंकरपाळे. लोक माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. मी डावा कान वर करून ठोकायचो, आणि जे कानाला लागायचं नाही ते डोळ्याने भरून काढायचो. रंग फुगला आहे का, तडा आहे का, बोटभर ओल आहे का. मग खडूने खूण करून म्हणायचो, "ठीक आहे." सेक्रेटरी यादीवर टिक करायचा.

सगळ्यांत शेवटी तळाच्या खोलीची पाळी आली. जिन्याखाली, पाण्याच्या पंपाला लागून ती खोली. तिथे वॉचमन राहतो, त्याची बायको आणि दीड वर्षाची मुलगी. डोंगरातली माणसं, जव्हारच्याही आतली. भात कापून झालं की इकडे येतात आणि आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, परत जातात. दिवसा तो एका कारखान्यात माल चढवायला जातो, ती इमारतीचे जिने झाडते. इमारतीत माझ्याशी कामाशिवाय बोलणारी ती एकटीच. नाचणीची भाकरी केली की अर्धी मला आणून द्यायची. वर म्हणायची, "खावा बाबा, तुमच्या ज्वारीपेक्षा बरी हाय." यावर आमचा रोजचा वाद होता.

खोली यादीत नव्हती. तिनेच विचारलं, "बाबा, आमची पन बघा ना." सेक्रेटरी घड्याळ बघत म्हणाला, "उरका आजोबा, मला पालघरला जायचंय." शेजारी पंप चालू होता. मी चार ठिकाणी ठोकलं. काहीच ऐकू आलं नाही. पंपामुळे, असं मी मनाला सांगितलं. पंप बंद करा म्हणायला हवं होतं, पण दोघं माझ्याकडे बघत होते. मी खडूने खूण केली आणि म्हणालो, "चांगलं आहे."

ती माझ्या डाव्या कानाशी येऊन म्हणाली, "बरा झाला. पोरगी खाली निजते, मला भ्या वाटायचा."

दुपारी जेवताना तेच डोक्यात घोळत राहिलं. पंपामुळे ऐकू आलं नाही? खाणीत हवेचे पंखे, डबे ओढणारी दोरखंडं, सगळा गोंगाट असायचा आणि त्यातही मी ढब वेगळं काढायचो. मी उठलो, काठी घेतली आणि न्हाणीघराच्या दारावरची माझीच फुली शोधली. ती जागा पोकळ आहे हे मला पक्कं माहीत होतं. घरात चिटपाखरू नव्हतं. मी फुलीवर ठोकलं. मग हातभर बाजूला, घट्ट जागेवर ठोकलं. पुन्हा फुलीवर. पुन्हा बाजूला.

दोन्ही सारखंच लागत होतं.

मी तिथेच स्टुलावर बसलो. सहा घरं आणि ती खोली, कुठलंच छत मी ऐकलं नव्हतं. नुसता खडू ओढत फिरलो होतो. उस्तादाने सब्बल दिली तेव्हाचा त्याचा चेहरा मला दिसला. मी त्याची कीव केली होती.

सांगितलं की काय होणार तेही माहीत होतं. बेल वाजायची बंद होणार. तसंच झालं. दुसऱ्या दिवशी मी सहाही घरी गेलो, आपल्या हाताने खुणा पुसल्या आणि सांगितलं की मला ऐकू येत नाही, तुम्ही दुरुस्तीवाल्याकडूनच तपासून घ्या. कुणी वाईट बोललं नाही. चहा मात्र कुणी विचारला नाही, आणि आता तो लाल दिवा फक्त कुरिअरवाल्यासाठी लागतो. त्याच संध्याकाळी लेकीलाही सांगितलं. ती माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली. पण हे सगळं नंतरचं. आधी खाली जायचं होतं.

खोलीचं दार उघडं होतं. छताच्या कडीला लुगड्याची झोळी टांगलेली, झोळीत मुलगी झोपलेली. कडीपासून वीतभर अंतरावर माझी खडूची खूण.

"लेकराले घेऊन बाहेर ये आधी," मी म्हणालो.

"काय झाला बाबा?"

मी तिला सगळं सांगितलं. कान गेला ते, सकाळी काहीच ऐकू आलं नाही ते.

ती जवळ येऊन मोठ्याने म्हणाली, "पन तुमी तर चांगला हाय बोलला."

"खोटं बोललो."

ती रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने झोळीतून मुलीला उचललं, माझ्या खांद्यावर दिलं आणि पंप बंद करून आली. मग विचारलं, "मंग आता कोन ठोकील?"

मी काठी तिच्यापुढे धरली. कमरेत मी वाकलेला, पण वाक्य सरळ आलं. "आता तू ठोक. मले फरक ऐकू येत नाही."

जिन्याखालचं छत बुटकं. मुलीला एका हाताने धरून मी दुसऱ्या हाताची दोन बोटं वर टेकवली, उस्तादाने शिकवलं होतं तशी. ती ठोकत गेली. भिंतीकडे बोटांना काही लागलं नाही, छत मुकाट होतं. ती म्हणाली, "टन्न वाजते." कडीजवळ आलो. तिने ठोकलं आणि माझ्या बोटांखाली बारीक थरथर आली, ताप चढलेल्याचा हात धरल्यावर लागते तशी. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आधीच आलं होतं.

"बाबा, इथं पोकल हाय."

तिने पुन्हा ठोकलं. पोकळ जागा कडीच्या चारी बाजूंनी पसरली होती, माझ्या खुणेच्या खालीही. चार महिने पोरगी तिच्याखाली झोके घेत होती आणि त्यावर मी "चांगलं आहे" म्हणून शिक्का मारला होता.

झोळी सोडली, अंथरूण बाहेर काढलं. पोकळ प्लास्टर राहू द्यायचं नाही, त्याच पाळीत पाडायचं, हा आमचा नियम. मी पंपाजवळ पडलेल्या पहारीला हात घातला तर तिने ती माझ्याकडून काढून घेतली. "बिल्डिंगीच्या कामावर होते मी. तुमी भायेर रावा बाबा. तुमाला आवाज नाय येत, पडल तो कलनार नाय." बरोबर होतं. मी वर जाऊन माझं खाणीतलं हेल्मेट घेऊन आलो. लेक त्यात गॅलरीत कपड्यांचे चिमटे ठेवते. चिमटे ओतले आणि हेल्मेट तिच्या डोक्यावर घालून पट्टा हनुवटीखाली नीट बांधला. बाजूला उभी राहा, कडीखाली नको, मागची वाट मोकळी ठेव, एवढं तीनदा सांगितलं. मग मुलीला घेऊन दाराबाहेर पॅसेजमध्ये उभा राहिलो.

ती आत गेली.

मला काहीच ऐकू येत नव्हतं. पहार लागते की नाही, ती काही बोलते की नाही. मुलगी माझ्या मानेवर श्वास सोडत झोपलेली. दारातून थोडी पांढरी धूळ आली आणि थांबली. मग चपलेखालच्या फरशीतून एक दणका पायात शिरला. मोठा. त्यानंतर काही नाही. हाक मारावी असं वाटलं, पण तिने ओ दिली तर ती मला ऐकू येणार होती का? मी दाराकडे बघत उभा राहिलो.

एकतीस वर्षं मी आत जाणारा होतो. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की बायको क्वार्टरच्या दारात उभी असायची. हातात सूप नाहीतर निवडायची भाजी, उभं राहायला काहीतरी कारण म्हणून. मी लांबूनच ओरडायचो, "काऊन उभी आहेस, चुलीवर काही करपंल ना." मला वाटायचं, एकटं जायचं ते मलाच. पण आत हाताला काम असतं. बाहेर काही नसतं. हे तिने मला कधी सांगितलं नाही, आणि आज कळलं तर सांगायला ती नाही. मी त्या पॅसेजमध्ये दुसऱ्याचं लेकरू घेऊन रडलो. आवाज झाला असेल तर तो मला ऐकू आला नाही.

धूळ पुन्हा उठली. दारात ती आली, हेल्मेटपासून पावलांपर्यंत पांढरी. मागे जमिनीवर, झोळी टांगलेली होती त्याच्या बरोबर खाली, ताटाएवढा तुकडा पडलेला दिसला. तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते कळलं नाही. मग तिने हात केला, आत या असा.

मी चपला काढल्या आणि वर न बघता आत गेलो.